केपटाऊनचा वॉटरफ्रंट: नुसता मॉल आहे की खरंच बघण्यासारखं बंदर आहे?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण साऊथ आफ्रिकेला चाललोय, मी, नवरा, लेक (आठवीत) आणि सासू-सासरे. क्रूगरचं जंगल वगैरे टूरवाल्याने बसवून दिलंय पण केपटाऊनचे चार दिवस आम्ही आमचे मोकळे ठेवलेत. टूरवाल्याच्या कागदावर व्ही अँड ए वॉटरफ्रंटच्या पुढे "शॉपिंगसाठी फ्री टाइम" एवढंच लिहिलंय. यूट्यूबवर बघितलं तर मोठ्ठा मॉल, जायंट व्हील, खाण्याचे स्टॉल, आणि सगळे ब्लॉगर आइस्क्रीम खात फिरताना दिसतात. आता मॉलच बघायचा तर ठाण्यात काय कमी आहेत का?

पण सासरे ऐकत नाहीत. ते इतिहासाचे शिक्षक होते, त्यांचं म्हणणं ते जुनं ब्रिटिशांच्या काळातलं बंदर आहे आणि तिथून रॉबेन आयलंडची (मंडेलांना जिथे तुरुंगात ठेवलं ते बेट) बोट सुटते, मग ते टाळून कसं चालेल. लेकाला फक्त सील बघायचेत. सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही, आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार चढउतार जमत नाही.

तर अर्धा दिवस पुरे की पूर्ण दिवस ठेवू? रॉबेन आयलंड ज्येष्ठांना झेपेल का? आणि त्या बंदरात जुनं म्हणून नक्की काय शिल्लक आहे की सगळं पाडून दुकानंच केलीत? जे जाऊन आलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

उंटावरचा_शहाणा

मॉल आहे. दोन तास पुरे. सील बघा, फोटो काढा, निघा. तो वेळ टेबल माउंटन आणि केप पॉइंटला द्या, तेच खरं केपटाऊन. वॉटरफ्रंटवर कॉफीसुद्धा शहराच्या मानाने महाग आणि डिसेंबरात तर अख्ख्या देशाला शाळेची सुट्टी, पाय ठेवायला जागा नसते.

केपवासी

मी नोकरीनिमित्त इथे राहतो त्यामुळे पाहुणे आले की मलाच गाईड व्हावं लागतं, म्हणून जरा लांब लिहितो.

शहाणे साहेबांचं गर्दीबद्दल बरोबर आहे, बाकी नाही. मॉल आहेच, व्हिक्टोरिया व्हार्फ नावाचा, तो १९९२ ला उघडला. पण तो एकूण जागेतला एक भाग झाला, अख्खा परिसर १२३ हेक्टर आहे आणि टूरवाले सगळ्यांना मॉलच्याच दारात सोडतात म्हणून लोकांना वाटतं की हेच ते. तुम्ही असं करा, टॅक्सीवाल्याला सांगा क्लॉक टॉवरला सोड. लाल रंगाचा आठ कोनांचा छोटासा टॉवर आहे, १८८२ चा, पोर्ट कॅप्टनचं ऑफिस तिथे होतं आणि खालच्या मजल्यावर भरती-ओहोटी मोजायचं यंत्र. बंदराचं जुनं तोंड ते, तिथून सुरुवात केली की सगळं आपोआप कळत जातं.

थोडक्यात गोष्ट अशी. केपटाऊनचा उपसागर उत्तर-पश्चिमेला उघडा आहे आणि हिवाळ्यात वादळं तिकडूनच येतात. जहाजं नांगर टाकून उभी असायची आणि एका रात्रीत किनाऱ्यावर आपटून फुटायची, डच काळापासून हे चालू होतं. शेवटी १८६० मध्ये व्हिक्टोरिया राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड, तेव्हा सोळा वर्षांचा पोरगा, त्याच्या हातून दगडांची पहिली गाडी समुद्रात रिकामी करवली आणि ब्रेकवॉटरचं, म्हणजे लाटा अडवायच्या बांधाचं, काम सुरू झालं. पहिलं बेसिन, म्हणजे जहाजं उभी करायची बंदिस्त गोदी, १८७० ला तयार झालं, त्याला त्याचं नाव, पुढच्या मोठ्या बेसिनला आईचं. व्ही अँड ए मधला ए हा आल्फ्रेड, राणीचा नवरा आल्बर्ट नव्हे, इथले लोकसुद्धा चुकतात. गंमत बघा, १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि भारताकडे जाणाऱ्या जहाजांना केपला वळसा घालायची गरजच संपली आणि त्याच्या पुढच्याच वर्षी इथलं बेसिन तयार. दिवाळंच निघायचं पण त्याच सुमाराला किंबर्लीला हिरे सापडले, मग १८८६ ला जोहान्सबर्गकडे सोनं, आणि बंदर इतकं भरलं की दुसरं बेसिन बांधावं लागलं.

मग हे मागे का पडलं, तर १९३०-४० च्या दशकात शेजारी डंकन डॉक नावाचं खूप मोठं बंदर केलं, समुद्रात भराव घालून. त्या भरावावर आज शहराचा फोरशोअर भाग आहे. मोठी जहाजं तिकडे गेली, नंतर कंटेनर आले, आणि जुनी दोन बेसिनं मासेमारीच्या बोटी आणि दुरुस्तीपुरती उरली. गोदामं ओस पडली, कुंपण होतं, सामान्य माणसाला आत यायलाच मिळायचं नाही. १९८८ मध्ये सरकारी वाहतूक खात्याने वेगळी कंपनी काढली आणि गोदामं न पाडता त्यातच हॉटेलं, दुकानं, खाणावळी घालायचं ठरलं.

आता महत्त्वाचं. मासेमारीचे ट्रॉलर, टग, पायलट बोटी, दुरुस्तीला आलेली जहाजं हे सगळं अजूनही तिथेच आहे. तुम्ही बाकावर बसून चिप्स खात असता आणि समोर गंजलेल्या ट्रॉलरवर वेल्डिंग चालू असतं. क्लॉक टॉवरजवळ पायी जायचा एक फिरता पूल आहे, बोट आली की घंटा होते, पूल बाजूला होतो आणि दोन्हीकडे माणसं खोळंबतात. तुमच्या लेकाला हे सीलइतकंच आवडेल. सील मत्स्यालयाच्या बाजूला लाकडी तराफ्यावर लोळत असतात, फुकट, आणि वासावरूनच सापडतील. धक्क्याला लावलेल्या टायरमध्येसुद्धा चढून झोपतात.

सासऱ्यांसाठी: नोबेल स्क्वेअरमध्ये चौघांचे पुतळे आहेत, लुथुली, टुटू, डी क्लर्क, मंडेला, चौघेही शांततेचं नोबेल मिळालेले. आणि सायलो चुकवू नका. १९२४ चं धान्याचं कोठार, आतल्या भागातला मका इथून बोटीत भरायचे, ५७ मीटर उंच, एके काळी देशातली सगळ्यात उंच इमारत. ते २००१ ला बंद पडलं, मग २०१७ मध्ये त्यात आफ्रिकन कलेचं संग्रहालय झालं, झाइट्झ मोका. काँक्रीटच्या ४२ नळ्या उभ्या होत्या, त्या आतून मक्याच्या दाण्याच्या आकारात कापून मधे मोकळी जागा काढलीय. मॉडर्न आर्ट कळत नसेल तरी (मला नाही कळत) ती कापलेली नळकांडी मान वर करून बघायला जावं.

गुडघ्यांचं म्हणाल तर सगळं सपाट आहे, जागोजाग बाक. माझं मत: पूर्ण दिवस, सकाळी रॉबेन आयलंड आणि दुपारनंतर बंदर.

डेकवरून

मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो, आता रिटायर होऊन रत्नागिरीत असतो. केपटाऊनला दुरुस्तीसाठी ड्राय डॉकला जहाज लागलं की आम्हाला बरेच दिवस मुक्काम पडायचा, त्यामुळे टुरिस्ट बघतात त्याच्या मागची बाजू जास्त बघितलीय.

केपवासींचं एक राहिलं. आल्फ्रेड बेसिनला लागूनच रॉबिन्सन ड्राय डॉक आहे, १८८२ ला उघडलेला, तेव्हापासून चालूय. दगडी पायऱ्या-पायऱ्यांचा मोठा खड्डा, जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं, आणि मग जहाज टेकूंवर बसलेलं दिसतं. कठड्यावरून सगळं दिसतं, तिकीट नाही काही नाही. जहाजाचा पाण्याखालचा भाग, पंखा, सुकाणू, शिंपले चिकटलेले, हे सामान्य माणसाला आयुष्यात कुठे बघायला मिळतं सांगा. खड्डा रिकामा असेल तरी थांबून पायऱ्या बघा, एकेक दगड हाताने घडवलेला.

वरच्या टेकाडावर टाइम बॉलचा मनोरा आहे, १८९४ चा. ठरलेल्या वेळेला वरचा गोळा खाली पडायचा आणि बंदरातली जहाजं ते बघून आपली क्रोनोमीटर लावायची, कारण भर समुद्रात रेखांश काढायचा तर घड्याळ सेकंदाला बरोबर लागतं. सिग्नल हिलवरून दुपारी बारा वाजता तोफ उडते, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून रोज, ती अजून चालूय, पण आवाजाला पोचायला वेळ लागतो म्हणून खलाशी कानापेक्षा डोळ्यावर विसंबायचे. वॉटरफ्रंटला असाल तर बाराची तोफ नीट ऐकू येते.

तिथेच जवळ जुना ब्रेकवॉटर तुरुंग आहे. बंदर कुणी बांधलं तर कैद्यांनी. दगड फोडायचे, गाड्या भरायच्या, समुद्रात टाकायच्या. त्यात उत्तरेकडच्या कोरड्या मुलखातून आणलेले /खाम सान लोक (तिथले मूळचे शिकारी-भटके आदिवासी) होते, मेंढरं चोरली असल्या गुन्ह्यांसाठी. विल्हेल्म ब्लीक म्हणून जर्मन भाषाशास्त्रज्ञ होता, त्याने १८७० नंतर या कैद्यांना परवानगी काढून घरी ठेवून घेतलं आणि त्याने आणि त्याची मेहुणी ल्यूसी लॉइड हिने त्यांच्या तोंडून कथा, गाणी, सगळी भाषा वह्यांमध्ये उतरवून घेतली. ती भाषा बोलणारं आज कुणी नाही, वह्या आहेत. साऊथ आफ्रिकेच्या राजचिन्हावर २००० सालापासून जे ब्रीदवाक्य आहे ते त्याच भाषेत आहे. तुरुंगाच्या इमारतीत आता बिझनेस स्कूल आणि हॉटेल. सासरे मास्तर आहेत म्हणून सांगतो, ही गोष्ट त्यांना तिथे उभं राहून सांगा.

आणि आता आपल्याकडचं. आमच्या रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून केपटाऊनला गेलेले आहेत, बरीच घरं. एकदा शोअर लीव्हला (जहाजावरून मिळालेल्या सुट्टीत) रायलँड्स भागात किराणा दुकानात गेलो, अपार्थाइडमध्ये, म्हणजे वंशभेदाच्या राजवटीत, इंडियन लोकांना तिथे वस्ती दिली होती, तर गल्ल्यावरचे म्हातारबुवा फोनवर कुणाला तरी चक्क कोकणीत झापत होते, आमच्या खेडकडची बोली, हेल पण तोच. मी म्हटलं चाचा गाव कंचा, तर ते दोन मिनिटं नुसतं बघतच राहिले. मग चहा, मग जेवण, जहाजावर परत जायला उशीर झाला. त्यांचे आजोबा याच बंदरात उतरलेले. १९०२ च्या केप इमिग्रेशन कायद्यानंतर उतरणाऱ्याला युरोपियन भाषेत लिहिता यावं लागायचं, नाही आलं तर परतीची बोट. उर्दू येऊन उपयोग नाही, मराठी येऊन उपयोग नाही. आजोबा कसे पार पडले ते काही त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अजून एक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. २२ ऑक्टोबर १९१२ ला ते केपटाऊनला उतरले, गांधीजी उतरवून घ्यायला हजर होते. डंकन डॉक तेव्हा नव्हताच, म्हणजे उतरले ते याच जुन्या बंदरात.

उंटावरचा_शहाणा

गोखल्यांचं माहीत नव्हतं, मान्य. पण मग माझा मुद्दा उलट पक्काच होतो ना? एवढं सगळं तिथे घडलंय आणि लोकांना दिसतं काय तर जायंट व्हील. १९०१ मध्ये याच बंदरातून प्लेग शहरात आला, बोअर युद्धाच्या घोड्यांसाठी बाहेरून चारा आणत होते त्यात उंदीर. गोदीत काम करणाऱ्या काळ्या मजुरांना मग सरकारने बंदुकीच्या धाकाने शहराबाहेर उटव्हलुगटला हलवलं, साथ हे निमित्त झालं, तिथून पुढे वस्त्या वेगळ्या करायची सवयच लागली. आइस्क्रीम खाणाऱ्यांपैकी कुणाला याचा पत्ता असतो?

आणि मालकी. सार्वजनिक बंदर होतं, २००६ मध्ये लंडनच्या आणि दुबईच्या कंपन्यांनी मिळून घेतलं, २०११ पासून अर्धं ग्रोथपॉइंट नावाच्या प्रॉपर्टी कंपनीचं आणि अर्धं सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाचं. छान स्वच्छ ठेवलंय, सुरक्षित आहे, सगळं खरं, पण कोपऱ्या-कोपऱ्यावर सिक्युरिटी उभी आहे म्हणून आहे. उद्या आपल्याकडे मुंबईची पूर्व किनारपट्टी, प्रिन्सेस डॉकपासून शिवडीपर्यंत, अशीच "विकसित" करायची म्हणतायत, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणी त्या चित्रात कुठे बसणार ते मला सांगा.

केपवासी

शहाणे, प्लेगचं बरोबर आहे. पण एक गोष्ट, १९८८ च्या आधी तिथे कुंपणच होतं हो. आज रविवारी संध्याकाळी जाऊन बघा, खायेलित्शा आणि मिचेल्स प्लेन या शहराबाहेरच्या गरीब वस्त्यांमधून मिनीबस टॅक्सी करून आलेली कुटुंबं असतात, एक पैसा खर्च न करता पाण्याच्या कडेला बसतात, पोरं सील बघतात, अँफिथिएटरमध्ये कुणीतरी मरिंबा वाजवत असतं. क्लिफ्टनच्या श्रीमंत वस्तीतल्या बीचपेक्षा इथे गर्दी जास्त मिसळलेली दिसते. पेन्शन फंडाचा अर्धा हिस्सा आहे म्हणजे मास्तरांच्या आणि नर्सबाईंच्या पेन्शनचे पैसे त्यात आहेत, ते मला तरी वाईट वाटत नाही. कोळ्यांचा प्रश्न मात्र तुमचा खरा आहे. इथे ट्रॉलर कंपन्या टिकल्या, छोट्या होडीवाल्यांचा बाजार इथे नाही, तो बघायचा तर हाउट बे किंवा काल्क बेला जावं लागतं.

चकलीताई

खाण्याचं कुणी लिहिलंच नाही 😄 आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, माझी आई पण बिनअंड्याची. नुसतं "व्हेज" म्हटलं की मासा चालेल का असं विचारतात, त्यामुळे "नो मीट नो फिश नो एग" हे तिन्ही सांगायचं. इंडियन रेस्टॉरंट आहे आत पण जरा महाग. आम्ही शेवटी मॉलमधल्या पिक अँड पे आणि वूलवर्थ्सची वाट धरली, वूलवर्थ्स म्हणजे तिथलं खाण्यापिण्याचं चांगलं दुकान, दही, ब्रेड, हमस, सॅलड, आणि डिसेंबरात पीच, प्लम, चेरी काय मस्त असतात. पिशवी घेऊन धक्क्यावर बसून खाल्लं. फक्त सीगल सांभाळा, माझ्या भावाच्या हातातले चिप्स कागदासकट नेले. संध्याकाळी टोपी-जाकीट ठेवा, उन्हाळा असून वारा असा सुटतो की आईची शाल उडून पार कुंपणाला अडकली.

ठाणेकरीण

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सासऱ्यांना रात्री सगळा धागा वाचून दाखवला. ते गोखल्यांपाशी मला थांबवून उठले आणि कपाटातून वही काढली 😅 त्यांचा प्रश्न असा की गोखले उतरले ती नेमकी जागा दाखवता येईल का, तिथे काही पाटी वगैरे? आणि डेकवरून काका, गांधीजी पण तिथूनच गेले का?

रॉबेन आयलंडचं अजून ठरत नाहीये. सासूबाईंना बोट लागते. किती वेळ लागतो एकूण आणि तिकीट तिथे जाऊन मिळतं का?

डेकवरून

जागा अशी बोट ठेवून नाही दाखवता येणार, धक्के नंतर बदललेत. व्हिक्टोरिया बेसिनच्या कडेला उभं राहून टेबल माउंटनकडे तोंड करा, डोंगर तेव्हाही तिथेच होता, गोखल्यांनी डेकवरून पहिला तोच बघितला असणार. पुढे ट्रान्सवालमध्ये त्यांनी मराठीत भाषण केलं तेव्हा ऐकायला तिथले कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू होते, भाषांतर गांधीजींनी केलं. मराठी बोलता येत नव्हती तरी विषय ओळखीचा म्हणून जमलं असं गांधीजींनीच लिहून ठेवलंय, आणि गोखल्यांनी आधी त्यांची चांगली फिरकी घेतली होती. गांधीजी आफ्रिका सोडून गेले ते १८ जुलै १९१४ ला, केपटाऊनहूनच, कस्तुरबा आणि त्यांचे मित्र कॅलनबाख बरोबर, किनफॉन्स कॅसल नावाच्या बोटीने इंग्लंडला. तिथे गोखल्यांनाच भेटायचं होतं.

लेकाला हेही सांगा. नौदलाची म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या बोटी गोव्यात दिवाडीला बांधलेल्या. म्हादेईवर कमांडर दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते २००९-१० मध्ये, तारिणीवर सहा मुली २०१७-१८ मध्ये. केप हॉर्न पार करून पोर्ट स्टॅन्लीनंतरचा थांबा दोघांचाही केपटाऊन. ५५-५६ फुटांची बोट हो, आपल्या एसटीच्या साधारण दीडपट.

केपवासी

रॉबेन आयलंड: जाऊन-येऊन साडेतीन-चार तास धरा. बोट अर्धा-पाऊण तास, बेटावर आधी बसने फेरी, चुनखडीची खाण, वंशभेदाविरुद्ध लढलेले नेते रॉबर्ट सोबुक्वे यांना एकटं ठेवलं ते घर, मग तुरुंगात चालत. तुरुंग दाखवणारे बरेचदा तिथेच शिक्षा भोगलेले असतात. आता ते वयस्कर झालेत, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की जमतंय तोवर जा. मंडेला तिथे १८ वर्षं होते, आणि त्यांचे सहकारी, भारतीय वंशाचे आपले अहमद कठराडासुद्धा १८ वर्षं. चालणं फार नाही, सासरे आरामात करतील, बसच्या पायऱ्या तेवढ्या उंच आहेत.

तिकीट मात्र आधी ऑनलाइन काढाच, संग्रहालयाच्या अधिकृत साइटवर. डिसेंबरात खिडकीवर जाऊन मिळण्याची आशा सोडा, त्यात १६ तारखेला सार्वजनिक सुट्टी. सकाळचीच फेरी घ्या. उन्हाळ्यात साऊथ-ईस्टर वारा दुपारकडे चढतो आणि फार झाला की फेऱ्या रद्द, टेबल माउंटनची केबल कारही बंद. म्हणून या दोन्ही गोष्टी चार दिवसांतल्या पहिल्या दिवशी ठेवा, रद्द झालं तर हातात दिवस उरतात. शेवटच्या दिवशी ठेवून हात हलवत परत गेलेले पाहुणे मी बघितलेत.

रात्री वॉटरफ्रंटच्या आत कितीही वाजेपर्यंत फिरा, पण तिथून शहरातल्या हॉटेलला चालत जाऊ नका, उबर करा.

ठाणेकरीण

काढली तिकिटं! पहिल्याच दिवशीची, सकाळी ९ ची. नवरा म्हणतोय सासूबाईंना खाली मॉलमध्ये बसवून जाऊ, त्या म्हणतायत मी पण येणार, तुरुंगच बघायचाय तर सगळे मिळून बघू. शहाणे साहेब, तुमचे दोन तास आम्ही मोडीत काढले बरं का.

उंटावरचा_शहाणा

काढा. प्लेगचं सासऱ्यांच्या वहीत लिहा म्हणजे झालं.

डेकवरून

वहिनी, सासूबाईंना ॲव्होमिन (बोट लागू नये म्हणूनची गोळी) बोटीत बसायच्या एक-दोन तास आधी द्या, बोट हलायला लागल्यावर देऊन उपयोग नाही. आधीच्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. सकाळी पोट रिकामं ठेवू नका, कोरडं काहीतरी खायला घाला. आणि खालच्या डेकवर, मधल्या रांगेत, जमेल तितकं मागे बसवा, पुढच्या नाकाडावर आपटतं जास्त.